चित्रपट ऐकणारी मंडळी

चित्रपट पाहावयास जाणारी माणसे पुष्कळ. ऐकावयास जाणारी थोडी. गाणी सर्वांस पाठ असतात, हे खरे. परंतु गाणे संपून नायक मुकाट्याने दार लोटून बाहेर पडला, की त्याच्या मागोमाग जे व्हायोलिन, जी बासरी किंवा जो नुसता एक लांबलेला स्वर चालत येतो, त्याची दखल घेणारा प्रेक्षक विरळा. त्यास पार्श्वसंगीत म्हणतात. नावच असे पडले आहे की, बिचाऱ्याने पाठीमागे उभे राहावे व पुढे येऊ नये. ह्या पाठीमागच्याची विचारपूस करणारी पाच-सहा माणसे आमच्या कळंब गावी आहेत, व दर रविवारी सायंकाळी ती आमच्या ओसरीवर जमतात. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे अशी आमच्या वर्गातील मुलांची फार दिवसांची मागणी होती. म्हणून हा लेख.

कळंब हे इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी. परक्यास सांगावयाचे झाल्यास शेजारच्या वालचंदनगरचे नाव घ्यावे लागते. वस्तुतः ती वसाहत उभी राहिली ती कळंबच्या शिवारात. सभोवार ऊस. अशा ठिकाणी संगीताचे जाणकार कोठून यावेत, असे पुण्याच्या एका स्नेह्याने आम्हांस विचारले होते. आमच्या मंडळीत जाणकार कोणी नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. एक आहेत लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजविणारे मामा. एक रुग्णालयातील परिचारिका, ज्यांस सारे गाव सिस्टर म्हणते. एक आमचाच जुना विद्यार्थी, सध्या बारामतीस अभियांत्रिकी शिकत असलेला, ज्याच्या मोबाइलमध्ये जगातील कोणतेही पार्श्वसंगीत क्षणात सापडते. चहा घेऊन येणारे आमचे कुटुंब. त्यांचे मत सर्वांत कमी शब्दांचे व बहुधा अखेरचे असते. आणि नाना.

नानांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ऐन उमेदीची वर्षे टूरिंग टॉकीजच्या तंबूत प्रोजेक्टर चालविण्यात घालविली. जत्रेमागून जत्रा करीत तंबू हिंडे, व नवे चित्र न मिळाल्यास जुने प्रभातपट पुन्हा लागत. त्या काळच्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या जळत व त्यांतील अंतर सारखे राखावे लागे. म्हणून चालविणाऱ्याचे डोळे कांड्यांवर आणि कान चित्राकडे. अशा रीतीने नानांनी शेकडो चित्रपट पाहिल्यापेक्षा ऐकले अधिक. कोणत्या प्रवेशात तंतुवाद्ये कोठे शिरतात, हे त्यांस तोंडपाठ.

आता त्यांचे कान मंदावत चालले आहेत. म्हातारपणी ऐकू येणे एकदम थांबत नाही. आधी वरच्या पट्टीतील आवाज जातात व खालचे पुष्कळ दिवस टिकतात. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी, अंथुर्णे ह्या वाटेने आमच्या जवळून जाते. बेलवाडीस गोल रिंगण होते. तीन वर्षांमागे नाना रिंगण पाहून परत आले व ओसरीवर टेकत म्हणाले, "मास्तर, यंदा वारकऱ्यांनी टाळ आणलेच नाहीत का हो? नुसता पखवाजच वाजत होता." कोणी हसले नाही. पुढे तपासणी झाली, कानास यंत्र बसले. परंतु ही यंत्रे मुख्यतः माणसाचे बोलणे कळावे म्हणून केलेली असतात. संगीत त्यांतून बरेचदा वेडेवाकडे येते. नाना म्हणतात, व्हायोलिन पत्र्यावरच्या पावसासारखे लागते. म्हणून संगीत सुरू झाले की ते यंत्र काढून खिशात ठेवतात.

तेव्हापासून आमच्या बैठकीची रीत पालटली. पूर्वी एखादा तुकडा ऐकून झाला की "छान आहे," "अंगावर काटा आला," असे म्हणून मंडळी मोकळी होत. आता समोर नाना बसलेले. त्यांस "छान" ऐकून काय कळावे? ते विचारणार, "काय वाजले? किती जणांनी वाजवले? बाई बोलत होती तेव्हा थांबले का चालूच राहिले?" ह्या प्रश्नांस उत्तर द्यावयाचे तर आधी स्वतः ऐकावे लागते. प्रारंभी सर्वांचीच त्रेधा उडाली. आमच्या विद्यार्थ्यास ह्या विषयाची सर्व माहिती होती, संगीतकारांची नावे, पारितोषिके, साले; परंतु ह्या घडीस बासरी वाजली की क्लॅरिनेट, हे त्यास मामांकडे पाहून सांगावे लागे. उलट सिस्टर, ज्यांस एका वाद्याचे नाव ठाऊक नव्हते, त्यांनी एकदा सांगितले, "नाना, ताप उतरायच्या आधी रोगी जसा श्वास घेतो, तसं चाललंय, आता थांबेल, आता थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही." नानांनी लगेच मान डोलावली.

सर्वांत मोठा वाद झाला तो 'कुंकू'वरून. हा प्रभातचा १९३७ सालचा बोलपट. दिग्दर्शक शांताराम, संगीत केशवराव भोळ्यांचे, कथा नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीची. वृद्ध वकिलाशी फसवून लावून दिलेली तरुण मुलगी नीरा त्या विवाहास मान तुकवीत नाही, हा विषय. (आमच्या नदीचेच नाव नायिकेचे, म्हणून ती वाकत नाही, असे मामांचे म्हणणे.) नानांनी सांगितले की, ह्या चित्रात पार्श्वसंगीत मुळीच नाही. आमचा विद्यार्थी म्हणाला, असे होणार नाही. त्या काळचे ध्वनिमुद्रण निकृष्ट, म्हणून ऐकू येत नसेल. तेव्हा चित्र लावून पाहिले. नानांचे खरे होते. माणसे गातात, पण ती दृश्यातली माणसे. शांता आपट्यांनी त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गायिली आहे. ह्याखेरीज जे ऐकू येते ते घरातले, रस्त्यावरचे. पावले, दारे, भिंतीवरचे घड्याळ. वृद्धाच्या सरत्या आयुष्याची जाणीव ते घड्याळच करून देते. त्यासाठी वाद्यवृंदास पाचारण केलेले नाही.

हे दारिद्र्यामुळे नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. भोळ्यांनी प्रभातमध्ये आल्यावर 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन ही वाद्ये वापरली होती. ज्याच्या हाताशी वाद्ये आहेत त्याने ती खाली ठेवावी, ह्याचे मोल अधिक. हिचकॉक ह्या विख्यात दिग्दर्शकाने पक्ष्यांच्या हल्ल्याविषयीचे आपले चित्र नेहमीच्या पार्श्वसंगीतावाचून केले ते १९६३ साली, व त्याची वाखाणणी आजही होते. पुण्याची ही गोष्ट त्याहून २६ वर्षे आधीची. आमच्या विद्यार्थ्याने हार मानली, पण अर्धीच. तो म्हणाला, संगीत नसणे हा गुण असेल तर आपण येथे जमतो कशासाठी? प्रश्न बिनतोड होता व अद्याप तसाच आहे.

'कुंकू' पाहताना नाना फार खुशीत होते. बोलणे त्यांस यंत्रातून कळत होते. बाकी ज्यास ते मुकतात असे काही त्यात नव्हतेच. "ह्या एका चित्रात मी तुम्हां सगळ्यांच्या बरोबरीचा," ते म्हणाले. घड्याळ पडद्यावर दिसले की ते गुडघ्यावर बोटाने ठेका धरीत. घड्याळाची टिकटिक त्यांस ऐकू येत नाही, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. ठेका मात्र बरोबर पडत होता.

दुसऱ्या एका रविवारी विद्यार्थ्याने आपल्या आवडीचे आणले: हान्स झिमर ह्यांचे 'इंटरस्टेलर' (२०१४). आकाशयानांचे हे चित्र, परंतु त्याचे संगीत मुख्यत्वे ऑर्गनवर उभे आहे, व तो ऑर्गन लंडनच्या टेम्पल चर्चमधला. दिग्दर्शकाने झिमरना चित्राचा विषय न सांगता बाप व मूल ह्यांविषयीचा एक कागद हाती दिला, व त्यावरून मूळ सूर जन्मला. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीची थोरली बहीण असे मुले समजतात. तसे पुरते नाही. पेटीत पितळी जिभा थरथरतात, ऑर्गनमध्ये नळ्या बोलतात. भात्याचा वारा मात्र दोघींस हवा. नळी जितकी लांब तितका स्वर खाली. ह्यामुळे गंमत अशी झाली की, नानांनी स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला व खालचे स्वर हातानेच घेतले. "हे पोचतंय," ते म्हणाले. चित्र प्रथम लागले तेव्हा संगीतापुढे संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार ठिकठिकाणी झाली होती. आमच्या कुटुंबाने तोच निकाल दिला: "वाजवावं, पण माणसाला बोलू द्यावं." झिमरविषयी आमचेही मत फारसे निराळे नाही, एक सूर वीस वेळा मोठा करीत नेणे ही युक्ती आहे, आणि युक्ती दुसऱ्या खेपेस ओळखू येते. विद्यार्थी आठवडाभर आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलला.

मामांचा आक्षेप अगदी वेगळ्या प्रकारचा. कागदावरून वाजविणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. ह्यावर आम्ही त्यांस गोव्याच्या वादकांची हकीकत सांगितली. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस सूरवाचन व व्हायोलिन शिकवीत. त्यांतील कित्येक पोटासाठी मुंबईस आले, हॉटेलांच्या बँडांत वाजवू लागले, व तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरले. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणे. पन्नास वादकांनी कोणी कधी काय वाजवावे, हे कागदावर मांडी तो गोव्याचा अरेंजर. शंकर-जयकिशन ह्यांच्याकडे हे काम सेबास्टियन डिसोझा ह्यांनी दीर्घकाळ केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांनी तर १९५८ मध्ये भारतीय रागांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात गुंफले. सारा देश ते नाव गाऊ लागला, परंतु ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे हे किती जणांस ठाऊक? पडद्यावरच्या नावांत ही माणसे क्वचितच दिसत. मामांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे बँडवालेच ना, सर?" होय, बँडवालेच.

आता 'सैराट'विषयी. करमाळा तालुक्यात, म्हणजे उजनीच्या फुगवट्यापलीकडे, आमच्या तालुक्याच्या समोरच्याच मुलुखात चित्रित झालेले हे चित्र (२०१६), दिग्दर्शक त्याच तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे. अजय-अतुल ह्यांनी त्याचे संगीत अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे, मोठ्या वाद्यवृंदाकडून मुद्रित करून घेतले. ज्यांनी आमची केळीची बाग कधी पाहिली नाही अशा वादकांनी ते वाजविले, व ते आमचे वाटले. ह्यावर मामा निरुत्तर झाले, निदान त्या दिवसापुरते. 'झिंगाट' त्यांस प्रत्येक वरातीत वाजवावे लागते, तेव्हा त्यांचे वैर निराळ्या कारणाचेही असावे.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते अखेरच्या प्रवेशाचे. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. शेवटी, ते लहान मूल शेजारणीच्या हातून सुटून घरात जाते व परत वळते, तेव्हा चित्रातला आवाजच नाहीसा होतो. मुलाचे तोंड रडताना दिसते. ऐकू काही येत नाही. आमच्या ओसरीवर तो प्रवेश चालू असता कोणी हालत नव्हते. नानांनी सिस्टरांच्या बाहीस हात लावला. "आता काय वाजतंय?"

सिस्टर म्हणाल्या, "काही नाही, नाना."

नानांस ते पटले नाही. आपले मन राखावे म्हणून ही बाई असे सांगत असेल, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात घातले, थोडे थांबले, आणि मग एकामागून एक आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही माना हलविल्या. तेव्हा कोठे त्यांनी पडद्याकडे तोंड केले.

नंतर नेहमीप्रमाणे मते झाली. विद्यार्थ्याचे मत, कोठे थांबावे हे ठरविणे हेही संगीतकाराचेच काम. मामांचे मत, संगीतकाराने तेथे एक सनईचा स्वर ठेवला असता तर मूल एकटे पडले नसते. सिस्टर त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. नाना म्हणाले, तंबूत असे झाले असते तर लोकांनी आवाज बंद पडला समजून यंत्रावर दगड मारले असते. आणि मग बराच वेळ हसत राहिले.

येत्या रविवारी 'सामना' लावावयाचा ठरला आहे. जब्बार पटेलांचे १९७५ चे चित्र, संगीत भास्कर चंदावरकरांचे. विषय साखर कारखान्याच्या गावातील सत्तेचा, म्हणजे आमच्या पट्ट्यातील मंडळींस समजावून सांगण्याची गरज नाही असा. चंदावरकर पुण्याच्या ज्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, ती प्रभातच्याच आवारात १९६० साली सुरू झाली. नानांनी आतापासून कामे वाटून दिली आहेत: तंतुवाद्ये सिस्टरांनी ऐकावयाची, फुंकवाद्ये मामांनी, तालवाद्ये नाना स्वतः पाहून घेतील. आमच्याकडे त्यांनी बोलण्यामधल्या रिकाम्या जागा सोपविल्या आहेत. त्या मोजून लिहून आणावयाच्या आहेत, तोंडी चालणार नाही.