नारळाच्या झाडाजवळ

सिनेमातल्या माणसांच्या कबरी बघायला जातो म्हटलं की आमच्या नातेवाइकांत दोन प्रकारचे चेहरे होतात. एक हसरा. म्हणजे याला दुसरा उद्योग नाही. दुसरा गंभीर. म्हणजे ज्यांचं नाचगाणं आयुष्यभर चाललं, त्यांच्या कबरीवर जाऊन तू काय फातेहा पढणार? या दुसऱ्या चेहऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. कबरींच्या जियारतीला पैगंबरांनी आधी मनाई केली होती, मग परवानगी दिली, कारण कबर बघून आखिरत आठवते. ज्याचा चेहरा आपण पडद्यावर वीस फूट उंच पाहिला, तो सहा फूट मातीखाली आहे हे बघून जितकी आखिरत आठवते, तितकी मला तरी दुसरीकडे कुठे आठवलेली नाही.

मुंबईत त्यासाठी फार फिरावंही लागत नाही. सांताक्रूझ पश्चिमेचं जुहू कब्रस्तान हे एकच ठिकाण घ्या. मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी, तलत महमूद, नौशाद, ख्वाजा अहमद अब्बास, अली सरदार जाफरी, परवीन बाबी, आणि 2021 च्या जुलैपासून दिलीपकुमार. लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा आणि पडद्यावर ओठ हलवणारा, असा एक अख्खा काळ तिथे एका आवारात झोपला आहे. ‘मुगल-ए-आझम’ची अनारकली 1969 साली तिथे गेली आणि सलीम 52 वर्षांनी.

पण तुम्ही तिथे जाऊन यातली जुनी कबर शोधायला लागलात तर सापडणार नाही.

मी अब्बांना घेऊन गेलो होतो. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते, आणि रफीसाहेबांचे भक्त. हा शब्द आमच्यात चालत नाही, तरी दुसरा सुचत नाही. हिंदी गाणी तर होतीच, पण श्रीकांत ठाकऱ्यांच्या संगीतातली रफींची मराठी गाणी लागली की अब्बा हातातलं काम टाकून रेडिओजवळ बसायचे. “बघ, आपल्यातला माणूस मराठी कसं म्हणतोय,” असं सांगायचे. आम्ही घराबाहेर मराठी बोललो की कुणी ना कुणी “तुमचं मराठी किती छान आहे हो” म्हणून कौतुक करतंच. त्या कौतुकाने अब्बांना आत कुठेतरी लागायचं आणि रफींच्या मराठीने त्याची भरपाई व्हायची, असं मला वाटतं. पंजाबातून आलेला माणूस वंदना विटणकरांचे शब्द गातो, मग आमच्या सात पिढ्या सांगली जिल्ह्यात गेल्या त्याचं काय नवल?

निवृत्तीनंतर अब्बांनी दाढी ठेवली, पाच वक्त मशीद धरली आणि रेडिओ माळ्यावर गेला. गाणं हराम की हलाल यावर आमच्या घरी कधी वाद झाला नाही. रेडिओ फक्त माळ्यावर गेला. म्हणून एकदा मुंबईला आले असताना त्यांनी हळूच, “रफीसाहेबांच्या मातीला जाऊन येऊ या का?” असं विचारलं, तेव्हा मी काही न बोलता रिक्षा बोलावली.

रफी गेले ते 31 जुलै 1980 ला, रमजानमध्ये. वय 55. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि धो धो पाऊस. तरी जनाज्याला लोटलेली गर्दी मुंबई अजून विसरलेली नाही. अब्बा तेव्हा ड्यूटीवर होते आणि ही बातमी त्यांना एका स्टँडवर पानवाल्याने सांगितली होती. हे त्यांनी मला रिक्षात सांगितलं, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा.

आत एक चाचा माती सारखी करत होते. त्यांनी आमच्याकडे बघून काही न विचारता एका नारळाच्या झाडाकडे बोट केलं. “रफीसाब? वो झाड के पास.” पाटी नाही, दगड नाही. साधारण इथे कुठेतरी. 2010 च्या सुमारास जुन्या बांधलेल्या कबरी मोडून, वर मातीची भर घालून नव्या मय्यतींसाठी जागा केली गेली. त्यात रफींची, साहिरची, मधुबालाची संगमरवरी कबर, सगळं गेलं. तेव्हा वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं होतं. चाहत्यांना राग आला, तो कळण्यासारखा आहे.

मला मात्र तो राग पूर्ण पटत नाही. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तिथे मेलेल्याला कायमची कुठून मिळणार? झोपडपट्टीतल्या बाईची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडली जाते तेव्हा कुणी बातमी करत नाही. शिवाय कबर पक्की बांधू नये, तिच्यावर इमारत उभी करू नये, अशी हदीसच आहे. गरिबाची कच्ची आणि नटाची पक्की, हा भेद आपण घुसवला. जनाज्याच्या नमाजेत तर मय्यतीचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. मुमताज जहान असो की मधुबाला, युसूफ खान असो की दिलीपकुमार, सफा तशाच उभ्या राहतात.

तरी एक सांगतो. कबर पक्की नको, पण फाटकाशी एक साधी पाटी लावायला कुठली हदीस आड येते? अमुक सालापासून इथे अमुक अमुक दफन आहेत, बस. पोरं इथून जाताना वाचतील तरी.

अब्बा झाडापाशी उभे राहिले, हात उचलले. बराच वेळ. मी बाजूला सरकलो.

अम्मी फाटकाबाहेर थांबली होती. तिला कुणी अडवलं नव्हतं, तीच थांबली. आमच्या गावच्या कब्रस्तानात बायका जात नाहीत आणि तिने ती सवय मुंबईलाही आणली. उलेमांत यावर एकमत नाही, हे मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, “मधुबालासाठी शाळा बुडवून मार मी खाल्ला, आणि फातेहा तू पढणार होय?” ती हसत होती, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. मीनाकुमारी माझगावला रहमताबादमध्ये आहे, बाजूला कमाल अमरोही. ‘पाकीजा’ लागल्यावर दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा ती गेली, 31 मार्च 1972. नर्गिस आणि सुरैया मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. या बायकांवर जीव टाकणाऱ्या निम्म्या तरी बायकाच होत्या. त्यांच्या कबरीशी उभं राहायला मात्र बहुतेक माझ्यासारखे पुरुष.

नर्गिसची गोष्ट मला नेहमी थांबवते. ती मातीत गेली आणि सुनील दत्त चितेवर. तेवीस वर्षांचा संसार, आणि शेवटचे रस्ते दोन. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहून ठेवावंसं वाटतं.

वर्सोव्याला इरफान आहे. 29 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीत, मोजकी माणसं. रफींच्या गर्दीनंतर चाळीस वर्षांनी.

अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. गावच्या कब्रस्तानात दफन केलं. थोरला भाऊ काळ्या ग्रॅनाइटची पाटी करायची म्हणत होता, सांगलीच्या कारागिराकडून भावही काढला होता. मी नको म्हणालो. तो म्हणाला, तुझ्या नटांना पाटी हवी आणि बापाला नको? यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. शेवटी अम्मीने निकाल दिला: पाटी नको, सब्जा लावा.

सब्जा छान धरलाय. दोन पावसाळ्यांत माती बरीच खाली बसली आहे. पूर्वेच्या भिंतीपासून सतरा पावलं, मग चिंचेकडे तोंड करून पाच, असं मी घरच्या वहीत लिहून ठेवलं आहे. अम्मी एकदाही आत गेलेली नाही. आकडे तिला पाठ आहेत.