दिवस की दविस

१ जुलै
चौथीतल्या मुलाने वहीत ‘दिवस’ऐवजी ‘दविस’ लिहिलंय. बाकीचे याला निष्काळजीपणा म्हणतात. मला त्यात नीट कान देऊन ऐकणारं पोर दिसतं. त्याला आधी द ऐकू येतो, मग इ; म्हणून तो द लिहून मग वेलांटी काढतो आणि ती व ला जाऊन चिकटते. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी आणि तोंडात नंतर, ही अडचण लिपीतली आहे. इंग्रजीसाठी बेतलेल्या डिस्लेक्सियाच्या साहित्यात ती सापडणार कशी? ताटात रवा पसरला. आधी द, मोठ्याने म्हणत. मग त्याच्या डावीकडे वेलांटी. बोट, डोळा, कान एकदमच कामाला.

९ जुलै
घ-ध, म-भ. या जोड्या एका दिवशी शिकवायच्याच नाहीत. घ पक्का होऊ दे, ध पुढच्या आठवड्यात. खूण एकच दिली : ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते. मुलं आता फळ्यावर तुटकी रेघ शोधत फिरतात.

१९ जुलै
‘त्रेपन्न’ म्हटलं की तिसरीतली मुलगी ३५ लिहिते. तीन आधी ऐकू येतो, म्हणून आधी लिहिते. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचा विचार समजावून सांगितला, तरी टिंगल थांबली नाही. या मुलीला मात्र तोच आधार आहे. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, तीन सुट्या. ‘पन्नास तीन’ म्हणायचं, लिहायचं, मग ‘त्रेपन्न’. आज ५३ बरोबर आला. एकोणसाठ अजून अवघड जातो, त्यात तर नऊ ऐकूच येत नाही.

२ ऑगस्ट
‘दविस’वाल्याचे वडील आले होते. “बाई, आळशी आहे का हो हा?” नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, तपासणी करून घ्या, पुढे दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हेही सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर मुलाच्या वहीवर.

त्याची चाचणी तोंडी घेऊ म्हटलं, तर शिक्षकखोलीत प्रश्न आला, “मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?” पाण्याची वाफ कशी होते हे त्याला तोंडी सगळं सांगता येतं. परिसर अभ्यासाच्या चाचणीत आपल्याला तेच बघायचं आहे. वेलांटीचे गुण तिथे कापणं मला पटत नाही. मुख्याध्यापकांनी तोंडी परीक्षेला होकार दिला. उद्या प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात, ओळींत अंतर ठेवून काढायची. त्याला प्रश्न मीच वाचून दाखवेन.