सूचनाफलक आणि वरातीमागचे घोडे

विद्यापीठाच्या आवारातील बातमीची सर्वांत जुनी जागा म्हणजे विभागाच्या दाराशेजारचा सूचनाफलक. मागे हिरवे कापड, पुढे काचेची सरकती दारे, त्यांना इवलेसे कुलूप आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. मजकुराची भाषा ठरलेली असते. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात. मग वक्त्याचे नाव, विषय, तारीख, वार, वेळ, स्थळ. तळाशी विभागप्रमुखांची सही. संबंधित कोण, हे कुठेच लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याने आपल्यापुरते ठरवायचे.

या फलकावर व्हायच्या कार्यक्रमांपेक्षा होऊन गेलेले कार्यक्रम जास्त सापडतात. कागद लावणे हे कुणाचे तरी काम असते, काढणे कुणाचेच नसते. त्यामुळे मागच्या सत्रातला परिसंवाद, पार पडलेली तोंडी परीक्षा आणि उद्याचे व्याख्यान एकाच टाचणीच्या आधाराने राहतात. काही कागद तर कार्यक्रम उरकल्यावरच लागतात. विद्यापीठाचे परिपत्रक महाविद्यालयात पोहोचते, आवक नोंदवहीत चढते, प्राचार्यांच्या टेबलावर शेरा घेते आणि फलकावर येते, तोवर स्पर्धेची बक्षिसे वाटून झालेली असतात. मग कागदापुढे उभे राहिलेले कुणीतरी हमखास म्हणते, 'वरातीमागून घोडे!'

ही म्हण वाटते तितकी सरळ नाही. घोडे नवरदेवासाठी, ते मागे राहिले म्हणजे नवरदेव पायी गेला, असा तिचा अर्थ घेतला जातो. पण मराठीतली वरात हिंदीतल्या बारातीसारखी लग्नाआधी निघत नाही. लग्नाआधी परण्या निघतो, नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवात येतो. वरात निघते ती अक्षता पडल्यावर, जेवणावळी आटोपल्यावर, नवरीला घरी नेताना. म्हणजे घोडे उशिरा आले तरी लग्न लागलेलेच असते. हुकली ती मिरवणूक, आणि तीही पुरती नाही, कारण घोडे मागून का होईना चालतेच आहे. वाटेत नवरदेवाने त्यावर मांड टाकली की नाही, हे म्हण सांगत नाही. घोडेवाल्याला ठरलेले पैसे मिळाले की नाही, हेही सांगत नाही. घोडेवाल्याकडून पाहिले तर कदाचित वरातच वेळेआधी निघाली असेल.

परीक्षा विभागाने मात्र या घोडेवाल्याची सोय आधीच करून ठेवली आहे. अर्जाच्या सूचनेत तीन तारखा असतात: नियमित शुल्काची, विलंब शुल्काची आणि अतिविलंब शुल्काची. उशिराचेही दर ठरलेले. लग्नाच्या बाबतीत अशी व्यवस्था कुणी केलेली नाही.

सूचना आणि प्रसंग यांच्यातले अंतर किती असू शकते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे आहे. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याआधी या भागातली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती; परीक्षेची बातमीही तिकडूनच यायची. पुढे 27 जुलै 1978 रोजी राज्य विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. आंबेडकरांनी 1950 साली याच शहरात महाविद्यालय सुरू केले होते, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ठराव झाला, म्हणजे सूचना लागली. प्रसंग घडायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. दोन्ही वेळा मुख्यमंत्री शरद पवारच होते.

मधल्या जवळपास सोळा वर्षांत या नावावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, मोर्चे निघाले. 1979 साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. इथे म्हण अपुरी पडते. म्हणीतले घोडे उशिरा येते, पण त्याची वाट पाहताना कुणी जीव गमावत नाही. शिवाय इथे उशीर कुणाचा, हेही सांगता येत नाही. ठराव वेळेआधी आला की वरात अडवून ठेवली गेली, की घोडे आले ते नेमके मागितलेले नव्हतेच? कारण मागणी नामांतराची होती. मिळाले ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. जुने नाव पुसले गेले नाही, त्याच्या आधी नवे जोडले गेले, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. नामांतर आणि नामविस्तार या दोन शब्दांमधले अंतर वरवर पाहता व्याकरणाचे आहे. बोलणारा कोणता शब्द उचलतो, त्यावरून अजूनही बरेच काही कळते. 1994 सालीच 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 'मराठवाडा' हा शब्द मग दोन फलकांवर आला.

दरवर्षी 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी माणसांची रीघ लागते. आवारातला हा बहुधा सर्वांत मोठा कार्यक्रम, आणि त्यासाठी लोक काचेआडचा कागद वाचून येत नाहीत. तारीख घरात ठाऊक असते. येणाऱ्यांतल्या अनेकांचा विद्यापीठाच्या हजेरीपटाशी कधी संबंध आलेला नसतो. तरी 'सर्व संबंधित' या शब्दात बसणारे त्यांच्याइतके कुणी नसेल. मग फलक कुणासाठी? आवारात एरवीही येणाऱ्यांसाठी, असे म्हणावे, तर युवक महोत्सवाची बातमी फलकावर लागण्याआधीच हलगीच्या सरावातून सगळ्या वसतिगृहाला कळालेली असते. पण आडगावाहून आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कुणी ओळखीचे नसते. त्याला सगळे कळते ते फलकावरच, आणि तो जुने-नवे सगळे कागद वाचतो. झालेल्या व्याख्यानाची वेळ वहीत उतरवून घेतो आणि ठरल्या वेळी कुलूपबंद सभागृहापुढे जाऊन उभा राहतो.

एका कागदाची मात्र सगळे सारखीच वाट पाहतात: मुदतवाढीची. ती बहुतेक वेळा मुदत संपल्यावर येते आणि जुन्या सूचनेच्या डोक्यावर टाचली जाते. तिच्यामुळे कालपर्यंत उशिरा ठरलेला आज वेळेत बसतो. ज्याने कालच विलंब शुल्क भरले, तो पावती हातात घेऊन खिडकीशी जातो. पैसे परत मिळतील का, असे विचारतो. आतून उत्तर येते की तशी काही सूचना आलेली नाही, फलकावर लागेल.