सशाचा तळपाय कधी पाहिला आहे का?



बैलाचा खूर दुखावला की तो लंगडतो आणि आपल्या लगेच ध्यानात येते. शेळीचा खूर सडला तर ती पुढचे गुडघे टेकून चरू लागते. शेळी राखणारे पोरही ते ओळखते. सशाचे तसे नाही. जो लंगडला तो कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडी गेला, हा त्याच्या जातीचा अनुभव. म्हणून ससा दुखणे अंगातच ठेवतो. मला हे पुस्तकाने शिकवले नाही, माझ्या चुकीने शिकवले. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचा सल्ला तुम्हांला पटेल.

२०११ सालचा पावसाळा. माझ्या हद्दीतील एका वस्तीवर सहावीत शिकणाऱ्या मुलीने तीन ससे पाळले होते. करड्या रंगाचे, सोव्हिएत चिंचिला जातीचे. चिंचिला हा मुळात दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला मऊ लोकरीचा लहानसा प्राणी. त्याच्यासारखा रंग असलेली सशाची जात फ्रान्समध्ये निघाली, म्हणून तिला ते नाव पडले. पुढे रशियात तिच्यापासून ही वजनदार जात तयार झाली. पूर्ण वाढीचा ससा चार-पाच किलो भरतो.

मुलीने पडवीत फळ्यांचे खोके केले होते आणि तळाला भाताचा पेंढा अंथरला होता. मी म्हणालो, "बाळ, रोज पेंढा बदलत बसण्यापेक्षा तळाला तारेची जाळी लाव. लेंड्या, मूत खाली पडेल, खोके कोरडे राहील." साहेबांचा शब्द! वडिलांनी घरात पडलेली, कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक तारेची जाळी ठोकली. मी पुढच्या फेरीत ती पाहिली आणि शाबासकी दिली.

दोन महिन्यांनी मुलगी सांगू लागली, "साहेब, मोठी मादी खात नाही. कोपऱ्यात आखडून बसते आणि दात खाते." मी चारा विचारला. ओला घास कमी करा, वाळलेले गवत वाढवा, असे सांगून निघालो. मादीला उचलून पाहिले मात्र नाही. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे, हे तेव्हा माझ्या ध्यानात राहायला हवे होते.

आठवड्याने पशुवैद्यकीय डॉक्टर आले. त्यांनी मादीला मांडीवर घेऊन मागचे पाय बाहेर काढले, तेव्हा आम्ही सारे गप्प झालो. दोन्ही टाचांचे केस गेले होते, कातडी फाटली होती, आत पू होता. विकार हाडापर्यंत गेला होता. मादी चार दिवसांनी गेली. बाकी दोघांच्या टाचा नुसत्या लाल होत्या. ते पुढे बरे झाले.

त्या घरची आजी एवढेच म्हणाली, "साहेब, सुंभाच्या बाजेवर आपण गोधडी टाकतो. त्या जीवाला तुम्ही काय टाकायला सांगितलंत?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता कारण समजून घ्या. कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली जाड गादी असते. सशाला ती नसते. त्याच्या तळव्याला केवळ केसांचे अस्तर असते. बसलेल्या सशाचा बराचसा भार मागच्या टाचांवर पडतो. खाली बारीक तार असली की तो भार तारेच्या रेघेवर येतो. मग केस झडतात, कातडी सोलते, जंतू शिरतात. मुताने ओला झालेला पेंढाही तितकाच वाईट. ओली कातडी लवकर फुटते. वाजवीपेक्षा लठ्ठ ससा आणि दिवसभर कोंडलेला ससा यांना धोका अधिक. परदेशात खरा चिंचिला पाळणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तारेवर ठेवला की त्याचेही तळपाय फुटतात.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात. पिंजऱ्याला जाळी असेलच, तर निम्म्याहून अधिक जागेवर गुळगुळीत लाकडी फळी टाका, तीवर वाळलेले गवत किंवा पेंढा जाड अंथरा. ओला भाग रोज काढा. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ हात घालून पाहा. हाताला ओल लागली तर सशाच्या पायालाही लागतेच. रोज थोडा वेळ कुत्र्या-मांजरापासून सुरक्षित, कोरड्या जागेत त्याला हिंडू द्या.

आठवड्यातून एकदा तळपाय पाहा. कानाला धरून उचलू नका. एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली द्या. मागच्या पायांना आधार नसला तर ससा जोराने लाथ झाडतो आणि त्यात त्याचाच कणा मोडू शकतो. दोघांनी मिळून पाहावे, एकाने धरावे. केस विरळ झाले, टाच लाल दिसली, तर त्याच दिवशी अंथरूण सुधारा. सुकलेली खपली सोलू नका. जखम, रक्त, सूज किंवा पू दिसला तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठा.

नखेही पाहावीत. नख वाढले की बोटे वर उचलली जातात आणि भार टाचेवर सरकतो. महिना-दीड महिन्याने टोक कापावे. नखात रक्ताची शीर असते; काळ्या नखामागे विजेरी धरली की ती दिसते. तिच्या अलीकडेच थांबा. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ कापसाने चार-पाच मिनिटे दाबून धरा.

एक धोक्याची सूचना. घरातील उरलेली माणसांची औषधे सशाला देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिली, तर त्याच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात आणि हगवण लागून ससा दगावू शकतो. मलमही डॉक्टरांना विचारूनच लावा, कारण ससा ते चाटतो.

त्या मुलीने पुढे जाळी उपटून टाकली आणि पुन्हा पेंढा अंथरला. पुढच्या फेरीत मी गेलो तेव्हा तिने न सांगता एक ससा उचलला, पाय माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, "बघा साहेब, केस आले." तेव्हापासून कुणाच्याही घरी ससे दिसले, की चाऱ्याची चौकशी मी नंतर करतो. आधी तळपाय पाहतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच मला लागली, पण जीव त्या मादीचा गेला. तुमच्या घरी ससा असेल, तर हे पान खाली ठेवा आणि आजच त्याचे पाय पाहून या.