ओट्यावरचा दिवा : रामटेक-सिल्लारीच्या वाटेवर

नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर रामटेक येथे श्री शांतिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र आहे. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही कारंजाहून सहकुटुंब तेथे दर्शनास गेलो. हेतू दर्शनाचाच होता. परंतु त्या यात्रेत आमच्या घरातील एक तंटाही मिटला. तो तंटा धनाचा वा वाटणीचा नव्हता. ओट्यावरच्या दिव्याचा होता.

आमचे घर बाजारपेठेतील जुने घर. दोन वर्षांपूर्वी त्याची डागडुजी केली, ओट्यावर स्लॅबचा पोर्च घातला आणि हौसेने दिवे बसविले. भिंतीवर चार दिवे, ज्यांचा उजेड वरही पडे आणि खालीही. फाटकाच्या दोन्ही खांबांवर दुधी काचेचे दोन गोल. सारे पांढरे शुभ्र. संध्याकाळी सहाला ते लागत आणि सकाळी पाचला विझत. येणारे-जाणारे कौतुक करीत, आणि दुकानदाराच्या घराला कौतुक कोणाला नको असते?

पहिल्या पावसानंतरच्या सकाळी त्या कौतुकाची किंमत कळली. पंख फुटलेली वाळवी, पतंग, तुडतुडे आणि नाव ठाऊक नसलेले असंख्य बारीक जीव दिव्यांखाली पसरले होते. काही मेलेले, काही पाठीवर पडून पाय हलवीत असलेले. आई पहाटे देवदर्शनास निघते. ती उंबऱ्यातच थांबली, आत जाऊन मऊ कुंचा घेऊन आली आणि जिवंत जीव अलगद बाजूला करू लागली. त्या दिवशी तिला मंदिरात पोहोचण्यास उशीर झाला. पुढे हा रोजचाच क्रम झाला. तिने कोणाला बोल लावला नाही, पण श्रावणात एके रात्री ती एवढेच म्हणाली, “सूर्यास्तानंतर आपण घास घेत नाही, आणि ओट्यावर रात्रभर हे चालू देतो.”

त्या रात्रीपासून आम्ही सर्व दिवे बंद ठेवले. तिसऱ्याच दिवशी अंधारात बाबांचा पाय शेवटच्या पायरीवरून चुकला आणि त्यांचे मनगट मोडले. त्यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. दुसऱ्या दिवशी दिवे पुन्हा लागले आणि आईने पुन्हा कुंचा हाती घेतला. एकीकडे जीवदया, दुसरीकडे वृद्ध पित्याची काळजी. कोणती बाजू सोडावी हे आम्हाला उमगत नव्हते.

अशा मनःस्थितीत आम्ही रामटेकला पोहोचलो. शांतिनाथ भगवंतांच्या खड्गासनातील मूर्तीपुढे उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. आचार्यश्री विद्यासागर महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या दगडी मंदिराचे काम पाहताना बाबांनी दुखरा हात विसरून खांबांवरून तळवा फिरविला. गावावर डोंगर आहे, त्यावर रामाचे मंदिर. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. दुपार या परिसरातच गेली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपल्यावर क्षेत्रावरील एका कार्यकर्त्याने सुचविले, “रात्र मोकळी आहे, तर सिल्लारीला जाऊन या. तिथे आकाश पाहण्यासारखे आहे.”

सिल्लारी हे पेंच व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असलेले गाव. रामटेकहून पवनीमार्गे तेथे जाता येते. महाराष्ट्रातील या प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे राखलेल्या अंधाऱ्या आकाशाच्या उद्यानाचा, मान मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविण्यात आली.

गावात गाडी थांबवून आम्ही उतरलो. प्रथम आकाशाकडेच लक्ष गेले. अमावास्या जवळ होती. आकाशगंगेचा पट्टा इतका स्पष्ट मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. आईने हात जोडले आणि नातवाला ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार सांगू लागली : सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे आणि तारे. “पाठशाळेत पाठ केले होते, आज पाहिले,” असे नातू म्हणाला, तेव्हा तिला झालेला आनंद अंधारातही जाणवला.

बाबा मात्र खाली पाहत होते. काठी न टेकता ते रस्त्याने वीस-पंचवीस पावले चालून गेले आणि परत आले. म्हणाले, “इथे दिवा दिसत नाही, पण रस्ता दिसतो. आपल्याकडे दिवा दिसतो, पायरी दिसत नाही.”

आमचा तंटा त्या वाक्याने मिटला. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात प्रखर उजेड विखुरतो आणि समोर धुके पसरल्यासारखे होते. आमच्या सहा दिव्यांचा उजेड बाबांच्या डोळ्यांत जात होता, पायाखाली नव्हे. म्हणजे ज्या उजेडाने कीटक मरत होते, तो बाबांच्याही उपयोगाचा नव्हता. आम्ही जीवदया आणि पितृसेवा यांचे भांडण समजत होतो. प्रत्यक्षात दोहोंची अडचण एकच होती.

कीटक दिव्याभोवती का फिरतात, याचा उलगडा करणारे एक संशोधन २०२४ मध्येच प्रसिद्ध झाले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून शास्त्रज्ञांनी दाखविले की, उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षे रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू होती, म्हणून पाठ तिकडे ठेवली की उड्डाण सरळ राही. जवळच्या दिव्याने ती खूण खोटी ठरते आणि कीटक त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो. दिव्याचे तोंड वर असेल तर त्यावरून जाणारा कीटक उलटा होऊन खाली कोसळतो. आमच्या भिंतीवरचे वर उजेड फेकणारे दिवे नेमके असेच होते.

आपल्या शास्त्रात पतंग, माशी, भ्रमर हे चतुरिंद्रिय जीव सांगितले आहेत. मुंगीला नसलेले चक्षुरिंद्रिय त्यांना आहे. हे अधिकचे इंद्रियच दिव्यापाशी त्यांच्या घाताचे कारण व्हावे, हे मनाला लागते. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. निष्प्रयोजन पाणी सांडणे, निष्प्रयोजन अग्नी पेटविणे ही प्रमादचर्या होय. पायरी दिसावी म्हणून लावलेला दिवा सप्रयोजन आहे. सर्व निजल्यावर कौतुकासाठी जळणाऱ्या दिव्याला मात्र अनर्थदंडाखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

घरी परतल्यावर वायरमनला बोलावले आणि ओटा रात्री डोळ्यांनी पाहून घेतला. दिवा कोणाला, कोठे आणि किती वेळ हवा, हे आधी ठरविले. मगच खरेदीस गेलो. जे केले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नोंदवितो.

पहिले, दिशा. फाटकावरचे गोल व भिंतीवरचे दुतोंडी दिवे काढले. दाराशी एकच दिवा ठेवला, वरून व बाजूंनी झाकलेला, उजेड फक्त खाली पाडणारा.

दुसरे, रंग. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. आमच्या जुन्या दिव्यांवर तो ६५०० होता, म्हणजे निळसर पांढरा. निळ्या व अतिनील प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. नवा दिवा २७०० केल्विनचा, कंदिलासारखा पिवळसर घेतला. त्याकडे कीटक येतच नाहीत असे नाही. पण कमी येतात.

तिसरे, बंदिस्तपणा. पावसाच्या माऱ्यासाठी खोक्यावर आयपी ६५ असे लिहिलेले पाहावे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. जिथे धूळ शिरत नाही तिथे किडाही शिरत नाही; काचेत अडकून मरणाऱ्या जिवांचा प्रश्न त्याने सुटतो.

चौथे, पायऱ्या. तिन्ही पायऱ्यांच्या कडेखाली एकेक वॅटचे पिवळसर दिवे लपविले. ते रात्रभर असतात. बाबांना पायरीची कड दिसते, दिवा दिसत नाही.

पाचवे, वेळ. दाराचा दिवा रात्री दहाला आपोआप विझतो. फाटकाशी शरीराची उष्णता ओळखून लागणारा, तसाच झाकलेला दिवा आहे. कोणी आले की तो लागतो आणि मिनिटभराने विझतो. चोरीची चिंता सर्वांना असते. परंतु अचानक लागणाऱ्या दिव्याकडे शेजाऱ्यांचे जेवढे लक्ष जाते, तेवढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

व्यापाऱ्याचे मन हिशेबाशिवाय राहत नाही. पूर्वी नऊ वॅटचे सहा दिवे अकरा तास जळत. वर्षाला सुमारे २१७ युनिट. आता दाराचा पाच वॅटचा दिवा चार तास आणि पायऱ्यांचे तीन वॅट अकरा तास, म्हणजे वर्षाला सुमारे २० युनिट. फाटकाचा दिवा इतका थोडा वेळ लागतो की तो हिशेबात धरला नाही. पण या वहीत जमेची मोठी बाजू विजेची नाही.

यंदाचा पावसाळा ही परीक्षा होती. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटले त्या संध्याकाळी आम्ही बाहेरचे सारे दिवे तासभर बंद ठेवले आणि खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. कारण घरातला उजेडही बाहेर जातोच. तेवढा वेळ बाबा हातात बॅटरी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर जीव होते, पण बोटांवर मोजण्याइतके. हिंसा पूर्ण टळली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गृहस्थाच्या घरी ती पूर्ण टळत नाही. टाळता येण्याजोगी मात्र बरीच टळली.

चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक म्हणून आपले साधुसंत विहार थांबवितात. आपल्याला व्यापार थांबविता येत नाही. ओट्यावरचा दिवा तरी मर्यादेत आणता येईल. नवे घर बांधणाऱ्या, पोर्च सजविणाऱ्या साधर्मी बंधु-भगिनींना एवढीच विनंती, की दिवा विकत घेण्यापूर्वी एकदा रात्री आपल्या ओट्यावर उभे राहावे आणि उजेड कोठे पडतो ते पाहावे. सवड मिळाल्यास रामटेकच्या दर्शनानंतर सिल्लारीलाही जाऊन यावे.

आई आता वेळेवर मंदिरात पोहोचते. मऊ कुंचा अजून दाराआड टांगलेला आहे; कधीमधी लागतो.