चार्जरवरची मुंगीएवढी अक्षरं

परदेशी जायचं ठरलं की घरात कोण धांदल उडते! लाडू-चिवडा, लोकरीचे कपडे, पासपोर्ट... यादी संपता संपत नाही. त्या यादीत मी आणखी एक काम आवर्जून घालतो. भिंग घेऊन चार्जर वाचायचा! हसलात ना? हसा, पण आधी ऐका तर खरं.

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. इंग्लंडमध्येही तेवढीच. पण अमेरिकेत ती असते १२० व्होल्ट आणि जपानमध्ये तर फक्त १००. प्लगही निराळे. आपल्या पिना गोल, जपान-अमेरिकेच्या चपट्या, इंग्लंडच्या जाड चौकोनी. म्हणून आपण अडॅप्टर विकत घेतो. पण साधा अडॅप्टर पिनांचा आकार तेवढा बदलतो हं! व्होल्ट बदलणं त्याच्या हातात नसतं.

मग चार्जर तिथे चालतो कसा? उत्तर त्याच्याच पाठीवर इंग्रजीत छापलेलं असतं : ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ.’ म्हणजे हा पठ्ठ्या यातलं काहीही पचवतो. टोकियोची वीज ५० हर्ट्झची, ओसाकाची ६०. एकाच देशात दोन तऱ्हा! तरी आपला चार्जर दोन्हीकडे खूश.

सगळीच उपकरणं अशी गुणी नसतात बरं. माझ्या मावशीनं जपानहून भाताचा कुकर आणला. मावसभाऊ अडॅप्टर लावून बटण दाबणार, एवढ्यात आजोबा ओरडले, ‘‘थांब रे! यावर नुसतं १०० व्होल्ट लिहिलंय.’’ बरं झालं ओरडले. व्होल्ट २.३ पट झाले की तापणाऱ्या तारेतली उष्णता २.३ गुणिले २.३, म्हणजे पाचपटीहून जास्त होते. कुकरच जळाला असता!

आणखी एक. आपल्याकडे काही जण सॉकेटच्या वरच्या भोकात पेनचं टोक खुपसून दोन पिनांचा प्लग बसवतात. इंग्लंडमध्ये हा उद्योग मुळीच करू नका. तिथल्या सॉकेटमध्ये आत झडपा असतात. बऱ्याच सॉकेटमध्ये वरची लांब पिन शिरली की मगच त्या उघडतात. बोट किंवा तार आत जाऊ नये, म्हणून केलेली ही राखण. ती मोडून गोल पिना कोंबल्या तर त्या सैल बसतात, ठिणग्या उडतात, प्लग तापतो.

पॉवरबँक मात्र विमानात जवळच्या बॅगेतच ठेवा. तिच्यातल्या लिथियम बॅटरीनं कधी पेट घेतलाच, तर डोळ्यांसमोर असली की विझवता येते. सामानाच्या कोठारात कोण बघणार?

आणि चार्जर उशीखाली कधीच नको. फार तापला, जळका वास आला, तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि मोठ्यांना हाक मारा.

अनोळखी शहरात फोन म्हणजे आपला नकाशा, तिकीट आणि आईचा आवाजसुद्धा! तो जपायचा तर ती बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. मग काय, तुमच्या चार्जरवर काय लिहिलंय? बघा पाहू. पण आधी तो सॉकेटमधून काढा हं!