घुमाऱ्याचा ठाव

जुन्या मोटारीचा दीर्घ सहवास ज्यांना लाभला आहे, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते की अशी मोटार निःशब्द कधीच नसते. टॅपेटची बारीक टकटक, पहिल्या गिअरमधला रडवा सूर, दाराच्या बिजागरीची कुरकुर आणि वाऱ्याने थरथरणाऱ्या काचेचा नाद या साऱ्यांच्या समुच्चयालाच आपण तिची शांतता मानलेली असते, आणि म्हणूनच त्यात एखादा अनोळखी स्वर शिरला की, तो कितीही क्षीण असो, कान त्याला तत्क्षणी वेगळा काढतो. आमच्या पद्मिनीत असा एक स्वर पावसाळा सरल्यावर उद्भवला. काशीमिऱ्याहून वरसाव्याच्या पुलाकडे जाताना वेगाचा काटा ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे सरकला म्हणजे आसनाखालून एक खोल, अखंड घुमारा उठे. ६० च्या आसपास तो ऐन भरात येई, आणि वेग आणखी वाढवावा तर हळूहळू विरून जाई. तो कानापेक्षा पाठीच्या कण्यालाच अधिक जाणवत असे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० च्या वंशातली. १९६४ साली ‘डिलाइट’ या नावाने ती येथे अवतरली, आणि सत्तरच्या दशकात प्रथम ‘प्रेसिडेंट’ व मागाहून ‘पद्मिनी’ अशी तिची नामांतरे झाली. नावे बदलली तरी रचना तीच राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे, आणि चालना मात्र मागच्या चाकांना. त्यामुळे इंजिनाची शक्ती मागे पोचविण्यासाठी प्रवाशांच्या पायांखालून एक लांब पोलादी दंड सतत फिरत असतो. हा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मधोमध एका बेअरिंगवर, रबराच्या वेष्टनात, टांगलेला असतो. म्हणजे आवाज काढू शकतील अशी स्थळे गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेली, आणि पत्र्याची पोकळ काया त्यांतील कोणताही नाद उचलून भलत्याच ठिकाणी ऐकविणारी. कानाला जेथून आवाज येतो असे वाटते तेथेच तो जन्मतो, असा भरवसा धरणे येथे सर्वस्वी निरर्थक ठरते.

आवाज कोठून येतो हा प्रश्न सोडून देऊन तो कशाबरोबर येतो व कशाबरोबर जातो हे विचारावे, हाच त्यावरचा खरा मार्ग. आपल्या नैयायिकांनी ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले, म्हणजे एक असताना दुसरे असणे आणि एक नसताना दुसरे नसणे, ती विचारपद्धती ग्रंथांच्या पानांतून उतरून मोटारीच्या गॅरेजात अखंड वावरत आली आहे, आणि तिचा वापर करणाऱ्या कित्येकांनी तिचे नावही ऐकलेले नसेल, याचे मला फार मोठे अप्रूप वाटते.

या कामी भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी असा उत्तनकडे जाणारा रस्ता मला अतिशय उपयोगी पडला. रविवारी पहाटे तेथे रहदारी विरळ असते, बाजूला मिठागरांचे सपाट विस्तार असल्यामुळे भिंतींवरून आवाज परतून येत नाही, आणि स्वतःच्या गाडीचे बोलणे निर्वेधपणे ऐकता येते. मागेपुढे वाहन नाही अशी खात्री करून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन मंदावले, घुमारा मात्र तसाच राहिला. एवढ्या एका कृतीने इंजिन, डायनामो, पाण्याचा पंप आणि पंख्याचा पट्टा ही सारी मंडळी निर्दोष सुटली. डांबरी रस्त्यावरून महामार्गाच्या काँक्रीटवर येताना टायरचा सूर पालटतो, पण घुमाऱ्यात फरक पडला नाही. सबब टायरही सुटले. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि चाकाचे झिजलेले बेअरिंग त्या वेळी चढ्या आवाजात तक्रार करते. येथे डावे-उजवे वळण सारखेच. अॅक्सिलरेटर दाबला वा सोडला तरी स्वर पालटेना, म्हणून डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियनवरचा संशयही पातळ झाला. मात्र मागच्या आसनावर तिघे जण बसले की घुमारा लक्षणीय रीतीने बदले. मागची बाजू खचली म्हणजे शाफ्टचा कोन बदलतो, आणि एवढ्या एका दाखल्यावरून मामला जवळजवळ निकालात निघाला.

गणितही याच्या बाजूने साक्ष देते. ताशी ६० किलोमीटरला चौदा इंची रिमचे ते चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते, आणि शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा अधिक, म्हणजे ४० च्या आसपास. माणसाचे श्रवण सेकंदाला २० कंपनांपाशी सुरू होते, तेव्हा हा नाद श्रवणाच्या तळघरातलाच. तो अंगाला का जाणवतो याचे कोडेही त्यामुळे उलगडले.

तरीही अखेरचा निवाडा मिस्त्रींचा. काशीमिऱ्याजवळ त्यांची शेड आहे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींखाली काढली. माझी सगळी कैफियत त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “साहेब, आवाज गाडीबरोबर चालतो की इंजिनाबरोबर?” ज्या प्रश्नाशी पोचायला मला कित्येक सकाळी लागल्या, तो त्यांच्या जिभेवर आरंभापासूनच होता. मग गाडीची मागची बाजू ठोकळ्यांवर उचलून, चाके फिरती ठेवून, ते खड्ड्यात उतरले आणि लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक शाफ्टच्या मधल्या आधाराला व मूठ कानामागच्या हाडाला लावून म्हणाले, “सेंटर बेअरिंग. रबर मेलंय.” बेअरिंगभोवतीचे रबर खरोखरच कडक होऊन चिरले होते, जी कंपने त्याने गिळावयाची, ती सरळ गाडीच्या तळपत्र्यात शिरत होती. वयाचा परिणाम, यापलीकडे त्यात कोणाचा कसूर नव्हता.

ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उठली. गाड्या जातात याचे दुःख मला आहे. परंतु त्यांच्यावर तयार झालेले कान विखुरले, याचे त्याहून अधिक आहे. विजेच्या मोटारी इतक्या निःशब्द की युरोपात मंद वेगाने जाताना त्यांनी मुद्दाम कृत्रिम आवाज केला पाहिजे, असा कायदा करावा लागला. त्यांचे दोष पडद्यावर अंकांत उमटतील आणि दुरुस्त्याही चोख होतील, यात मला शंका नाही. पण ऐकून, भेद करून, एकेक शक्यता वगळीत सत्यापर्यंत जाण्याची जी तालीम एका सामान्य कारागिराला या गाड्यांनी रोज दिली, ती नव्या गाड्या त्याला कोठून देणार, हे मला दिसत नाही.

मिस्त्रींना बहुधा दिसत असावे. जुने बेअरिंग भंगारात न टाकता त्यांनी ते शेडमधल्या शिकाऊ मुलाच्या हाती दिले, बोटाने फिरवून कोठे अडते ते सांगायला लावले, मग नवे दिले, पुन्हा जुने. आणि तो दोन्हींतला फरक नीट सांगेपर्यंत माझी गाडी ठोकळ्यांवरून उतरविली नाही. मीही घाई केली नाही.